घाटातले हेलकावे : फॉर्च्युनरच्या सस्पेन्शनच्या कामाची नोंदवही

६ नोव्हेंबर २०२२, रविवार

दिवाळीत आईला तिच्या माहेरी, कणकवलीजवळच्या गावी सोडून आलो, तेव्हाच हे काम आता पुढे ढकलायचे नाही असे ठरवले. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट असा आमचा नेहमीचा रस्ता आहे. दाजीपूरपर्यंत आई गप्पा मारत असते. घाट सुरू झाला की ती पदराला बांधलेली आलेपाकाची वडी काढते आणि डोळे मिटून घेते. या वेळी दोनदा गाडी थांबवावी लागली. मधल्या रांगेत डाव्या खिडकीशी बसलेल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्रास होऊ नये, एवढ्यासाठी हे काम आहे. गाडी ‘स्पोर्टी’ करणे किंवा उंच करणे हा उद्देश नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण दुकानात गेले की उद्देश बदलतो.

गाडी २०१२ ची टोयोटा फॉर्च्युनर, ३.० लिटर डिझेल, फोर बाय फोर, मॅन्युअल. आजवर १,४६,००० किलोमीटर चाललेली. चेसिसवर बॉडी ठेवलेली ही जुन्या घडणीची गाडी आहे. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल, त्याला पुढे-मागे धरणारे चार दांडे आणि आडवा धरणारा पाचवा लॅटरल रॉड, तिथेही कॉइल स्प्रिंगच. दोन ॲक्सलमधले अंतर २७५० मिमी आणि उंची १८५० मिमी. इतक्या उंच गाडीचा भारकेंद्र वरच राहणार आणि वळणावर ती कलणारच. मात्र कलून स्थिर होणे आणि कलून, परत येऊन, पुन्हा पलीकडे झुकणे यांत फरक आहे. माझी गाडी दुसऱ्या प्रकारची झाली आहे.

आज फक्त मोजमापे घेतली. सपाट फरशीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. पुढची उजवी बाजू, म्हणजे चालकाची, डावीपेक्षा ११ मिमी खाली बसली आहे.

८ नोव्हेंबर २०२२

टायरचा दाब पाहिला. चालकाच्या दाराच्या खांबावर कंपनीने लावलेल्या स्टिकरवर जो आकडा आहे, त्यापेक्षा चारही चाकांत नऊ ते दहा पीएसआय जास्त हवा निघाली. पंपावर हवा भरणारा मुलगा मोठी गाडी बघून चाळीसचा काटा धरतो आणि आपण मान डोलावतो. थंड टायरवर दाब नीट केला. बारीक खडखड लगेच कमी झाली. हेलकावे मात्र तसेच आहेत. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे २३१६ आहेत, म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातले. तेही बदलावे लागतील, आणि माप हेच ठेवायचे आहे, २६५/६५ आर १७.

१३ नोव्हेंबर २०२२, रविवार

वजनकाट्यावर गेलो. उसाचा हंगाम असल्यामुळे ट्रॅक्टरच्या जुळ्या ट्रॉल्यांची रांग होती आणि त्यांच्यामध्ये आमची गाडी पाहून काटेवाल्याला नवल वाटले. त्याला समजावून सांगितल्यावर त्याने आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके, अशी तीन वजने करून दिली. टाकी भरलेली आणि मी एकटा असताना एकूण २०६० किलो भरले, त्यात पुढे १०९० आणि मागे ९७०. दुपारी घरातली सहा माणसे आणि गावाला नेतो तेवढे सामान घेऊन परत गेलो, तेव्हा एकूण २४८० झाले, पुढे ११६० आणि मागे १३२०.

वाढलेल्या ४२० किलोंपैकी ३५० किलो मागच्या ॲक्सलवर पडले. आईला त्रास होतो तो नेमका अशाच भरलेल्या गाडीत, आणि गॅरेजमध्ये गाडी तपासली जाते ती मात्र नेहमी रिकामी. स्प्रिंग निवडण्याआधी वजन करा असे जो भेटेल त्याला मी सांगणार आहे. काट्याची पावती शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि चुकीच्या स्प्रिंगचा खर्च हजारांत जातो.

२० नोव्हेंबर २०२२, रविवार

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेऊन मागची बाजू उघडली. ओळखीच्या मिस्त्रींना मदतीला बोलावले होते. पहिली गोष्ट निघाली ती स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बसवलेले रबरी बफर. तीन वर्षांपूर्वी एका दुकानाने ‘गाडी बसणार नाही’ असे सांगून ते बसवले होते आणि मीही ते मान्य केले होते. बफर बसवला की त्या ठिकाणची वेटोळी हालायची थांबतात, उरलेल्या वेटोळ्यांना सगळे काम करावे लागते, म्हणून स्प्रिंग कडक वाटते. पण ज्या जागी रबर संपते तिथे तारेवर ताण एकवटतो. उजव्या स्प्रिंगवर बरोबर त्याच जागी रंग घासून धातू उघडा पडला होता आणि गंजाची रेघ होती. ती नखाला लागेल इतकी खोल होती. अशाच रेघेतून पुढे तडा जातो. बफर काढून टाकले.

मग शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजेच शॉकअप. डावा बाहेरून कोरडा होता. उजव्याच्या वरच्या भागावर तेलाने ओली झालेली धूळ काळ्या लेपासारखी चिकटली होती. मिस्त्रींनी तो बाकावर उभा धरून तळहाताने दाबला. पहिले दोन सेंटिमीटर दांडा काहीच विरोध न करता आत गेला.

“साहेब, ह्यो शॉकअप नुसता नावाला हाय. लोण्यात सुरी जातीय तसा जातोय बघा,” असे ते म्हणाले आणि तो माझ्या हातात दिला.

खरोखर तसेच होते. स्प्रिंग गाडीचा धक्का साठवते आणि परत देते, एवढेच तिचे काम. तो धक्का जिरवण्याचे काम शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून जाताना करते आणि त्याची उष्णता करते. तेल कमी झाले किंवा त्यात हवा मिसळून फेस झाला की छिद्रातून फेस सहज निघून जातो आणि जिरवायचे काम राहून जाते. घाटात सलग अर्धा तास काम पडल्यावर तेल तापते, म्हणून गावात बरी वाटणारी गाडी घाटाच्या मध्यावर डुलायला लागते.

दुपारी पुढच्याही काढून चारही स्प्रिंगा घेऊन उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. प्रेस, लोडसेल (भार मोजणारे साधन) आणि काम समजून घेणारा माणूस पायी चालण्याच्या अंतरावर मिळतो. प्रत्येक स्प्रिंग एकेक सेंटिमीटर दाबत भार लिहून घेतला. मागच्या दोन्ही सेंटिमीटरला ३२ किलो, पुढच्या दोन्ही सेंटिमीटरला ९४ किलो. पुढची उजवी स्प्रिंग मोकळ्या लांबीला डावीपेक्षा आखूड भरली, पण तिची कडकपणाची सरासरी डावीइतकीच आली. स्प्रिंग बसली म्हणजे मऊ झाली असे सगळे म्हणतात आणि मीही तसेच समजत होतो. कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या व्यासावर, त्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या गुणधर्मावर ठरतो. यातले काहीच वापराने बदलत नाही. बसलेल्या स्प्रिंगची फक्त उंची जाते, त्यामुळे चाक वर जायला जागा कमी उरते आणि गाडी लवकर रबरी थांब्यावर आदळते.

२४ नोव्हेंबर २०२२

चार संध्याकाळी हिशेब मांडत होतो. पुढची स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही, खालच्या आर्मवर आत बसते. आर्मची मोजमापे घेऊन चाकापाशी तिचा परिणाम सेंटिमीटरला सुमारे ३०.५ किलो इतकाच उरतो. चाके, ॲक्सल आणि ब्रेक यांचे वजन अंदाजाने वजा करून, गाडी पूर्ण भरलेली असताना पुढचे टोक सेकंदाला १.२१ वेळा आणि मागचे टोक १.१८ वेळा वरखाली होईल असे निघाले. रिकाम्या गाडीत मागचे टोक १.४२ आहे.

हे आकडे समोर आल्यावर आईच्या त्रासाचे एक कारण मला स्पष्ट दिसले. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये काम करताना असे दाखवून दिले होते, की गाडीचे मागचे टोक पुढच्यापेक्षा थोडे जलद झुलले पाहिजे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. ताशी ६० किलोमीटरने जाताना माझ्या गाडीत मागची चाके त्यावर सुमारे ०.१६५ सेकंदांनी पोहोचतात. उशिरा निघालेले मागचे टोक जलद असेल तर ते पुढच्याला गाठते आणि सगळी गाडी एकदम वरखाली होऊन शांत होते. संथ असेल तर पुढचे टोक खाली जात असताना मागचे वर येते आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलते. माझी गाडी रिकामी असताना नियमात बसते आणि घरची माणसे बसली की नियमाबाहेर जाते.

म्हणून मागे सेंटिमीटरला ३७ किलोंची स्प्रिंग घेतली तर भरलेल्या गाडीत मागचे टोक १.२७ वर येते. रिकाम्या गाडीत ते १.५३ होईल आणि मी एकटा असताना थोडे धक्के जास्त लागतील. ते मी सोसेन. पुढे कडकपणा तोच ठेवून नवीन स्प्रिंगा घ्यायच्या, म्हणजे गेलेली उंची परत मिळेल. दुकानात दाखवलेला ४० मिमी उंची वाढवणारा संच नको म्हणून सांगितले. भारकेंद्र आणखी वर जाईल, पुढच्या आर्मचे कोन बिघडतील आणि आईला पायरी चढायला त्रास होईल. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. त्या वादातही पडायचे नाही.

जाड स्टॅबिलायझर बारचाही, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणाऱ्या आडव्या दांड्याचाही, विचार केला. बारचा पीळ-विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे २८ मिमीच्या जागी ३० मिमीचा बार घातला तर तो सुमारे ३२ टक्के कडक होतो आणि कलणे नक्की कमी होते. पण राधानगरीच्या पुढे डांबराची एकच कड उखडलेली असते; अशा ठिकाणी जाड बार एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला पोहोचवतो आणि आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे झटकली जातात. बार मूळचाच राहील. त्याचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) आणि लिंक रॉड (बारला जोडणारे छोटे दांडे) मात्र नवीन.

४ डिसेंबर २०२२

मागणी नोंदवली. चारही शॉकअप मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळ्या पिस्टनने अलग ठेवलेले. यात तेलाचा फेस होत नाही.

१८ डिसेंबर २०२२, रविवार

मागची बाजू जोडली. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकच्या रबरी नळीवर आणि एबीएसच्या तारेवर ताण येऊ नये म्हणून जॅक शेवटपर्यंत ॲक्सलखालीच ठेवला होता. चारही दांड्यांचे आणि लॅटरल रॉडचे बुश उद्यमनगरात प्रेसवर बदलून आणले होते. लॅटरल रॉडचा एक बुश इतका फाटला होता, की आतली धातूची नळी बोटाने फिरत होती. वळणावर बॉडी आणि ॲक्सल एकमेकांपासून आडवे सरकत होते ते यामुळे.

संध्याकाळी गाडी खाली उतरवून मोजले. नायट्रोजनचा दाब शॉकअपच्या दांड्याला सतत बाहेर ढकलतो. १४ मिमी व्यासाच्या दांड्यावर २५ बार (हे दाबाचे एकक) इतका दाब धरला तर तो रेटा सुमारे ३९ किलोंचा होतो, आणि ३७ किलोंच्या स्प्रिंगवर त्याने गाडी १० मिमी वर येते. तेवढे अपेक्षित होते. प्रत्यक्षात गाडी २४ मिमी वर आली आहे. नवीन स्प्रिंगा बसतील असे मिस्त्री म्हणाले. मला पटले नाही, पण दुसरे कारणही सुचले नाही.

२५ डिसेंबर २०२२, रविवार

पुढची बाजू. या कामातला धोका शब्दांत सांगावा तेवढा थोडा आहे. दाबलेल्या पुढच्या स्प्रिंगमध्ये सात-आठशे किलोंचा जोर कोंडलेला असतो आणि साधे लोखंडी हूक लावून ती दाबणारी माणसे मी पाहिली आहेत. आम्ही स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) काढून उद्यमनगरात नेला आणि जाळी असलेल्या प्रेसमध्येच स्प्रिंग बदलली. खालच्या दोन्ही बॉल जॉइंटमध्ये (आर्म आणि चाकाच्या सांध्यांत) ढिलेपणा होता, तेही बदलले.

२७ डिसेंबर २०२२

नवीन टायर आणि अलाइनमेंट. या गाडीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) खालच्या आर्मच्या कॅम बोल्टने जुळवतात. वर्षानुवर्षे न हललेले ते बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यामुळेच सुटले. डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक ४० मिनिटांवरून १० मिनिटांवर आला (६० मिनिटे म्हणजे एक अंश).

१ जानेवारी २०२३, रविवार

एकटाच फोंडा घाट उतरून परत आलो. गाडी आज्ञाधारक झाली आहे, पण मागून ‘कुर्र’ असा आवाज येतो आणि छोट्या खड्ड्यांवर मागची बाजू आखडल्यासारखी वागते. चारशे किलोमीटरनंतरही उंची २३ मिमीच जास्त आहे. स्प्रिंग बसायची असती तर एव्हाना बसली असती.

घरी आल्यावर कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतला तो भाग पुन्हा ओळ अन् ओळ वाचला आणि चूक सापडली. ती माझीच आहे. दांड्यांचे बोल्ट मी ॲक्सल लोंबकळत असतानाच पूर्ण आवळले. या बुशमध्ये काहीच फिरत नाही; बाहेरची नळी दांड्याला, आतली नळी बोल्टच्या आवळणीने चेसिसला घट्ट धरलेली असते, आणि दांडा हलतो तेव्हा मधले रबर पिळले जाते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर ती स्थिती मूळची मानते. मग गाडी जमिनीवर आली की दहाही बुश पिळलेल्या अवस्थेत राहून गाडीला वर ढकलत राहतात. न सुटणारे १४ मिमी तिथे होते. असेच चालवले असते तर नवे रबर वर्षभरात फाटले असते.

८ जानेवारी २०२३, रविवार

वॉशिंग सेंटरच्या खड्ड्यावर गाडी चारही चाकांवर उभी केली, मधल्या रांगेत आणि मागे मिळून दीडशे किलो सिमेंटच्या गोण्या ठेवल्या, कारण ही गाडी बहुतेक वेळा माणसांनी भरलेलीच चालते. मग खालून एकेक बोल्ट सैल केला. दुसरा बोल्ट सैल होताच ‘टक’ असा आवाज होऊन दांडा किंचित फिरला, आणि कडेला उभ्या मिस्त्रींनी गाडी बसलेली डोळ्यांनी पाहिली. सगळे बोल्ट याच स्थितीत पुस्तिकेतील टॉर्कने आवळले. गोण्या काढल्यावर उंची मूळच्यापेक्षा ११ मिमी जास्त भरली. हिशेबापेक्षा एकच मिलिमीटर अधिक. आवाज पूर्ण गेला. मागची बाजू थोडी वर राहिल्यामुळे हेडलाइटचा झोत खाली आला होता, तोही भिंतीवर रेघ मारून नीट केला.

१५ जानेवारी २०२३, रविवार

मोजणीचा दिवस. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा; आमच्या भागात तसा एक कारखान्याच्या आवारात आहे आणि रविवारी तिथे कोणी नसते. हेलकाव्यांचा आलेख घेण्यासाठी मोबाइल सीटच्या लोखंडी पट्टीवर पक्का बांधून त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी नेली. जुन्या शॉकअपवर नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या आलेखात दुसरा हेलकावा पहिल्याच्या जवळपास निम्मा होता, तिसरा त्याच्या निम्मा, आणि अशी चार शिखरे मोजता येत होती. आजच्या आलेखात दुसरा हेलकावा पहिल्याच्या १२ टक्के आहे आणि तिसरा शोधावा लागतो. सूत्राने डॅम्पिंगचे, म्हणजे हेलकावे जिरण्याचे, गुणोत्तर ०.११ वरून ०.३२ वर आले आहे.

कलण्याची मोजणी अधिक बोलकी ठरली. वळणावर मोबाइलचा कोन विश्वासार्ह नसतो, कारण आडव्या जोराने त्याची ‘खाली’ दिशाच तिरपी होते. म्हणून आवारातल्या चौकाभोवती ठरावीक वेगाने गाडी फिरवली आणि मुलाने बाहेर स्टँडवर कॅमेरा ठेवून मागून चित्रण केले. नोव्हेंबरमध्ये बंपरची रेषा ५ अंश कलत होती, आज ४.६ अंश. म्हणजे इतका खटाटोप करून कल अर्ध्या अंशानेही कमी झाला नाही. तरीही गाडी निराळी वाटते, आणि चित्रण संथ करून पाहिल्यावर त्याचे कारण दिसते. पूर्वी ती वळणात शिरताना आधी थबकायची, मग एकदम कलायची, मर्यादेपलीकडे जाऊन परत यायची. वळण संपल्यावर उलट्या बाजूला झुकून मग सरळ व्हायची. आता स्टिअरिंगबरोबर कलते, तिथेच राहते आणि स्टिअरिंगबरोबर सरळ होते. माणसाला सर्वांत जास्त मळमळ सेकंदाला ०.२ वेळा, म्हणजे पाच सेकंदांतून एकदा होणाऱ्या हालचालीने होते, आणि घाटातली वळणे साधारण तेवढ्याच अंतराने येतात. तो आडवा जोर कोणतेही सस्पेन्शन काढून घेऊ शकत नाही. तो चालकाच्या उजव्या पायात आहे. त्या जोरावर चढणारे दोन-दोन जादा हेलकावे मात्र गेले.

२२ जानेवारी २०२३, रविवार

आईला आणायला गेलो होतो. सहा माणसे, नारळाची दोन पोती, कोकमाचा डबा. घाट चढताना मी मुद्दाम काही विचारले नाही. आई नेहमीच्या जागी, डाव्या खिडकीशी बसली होती. आलेपाकाची पुडी मांडीवर होती. अर्ध्या घाटात तिने बाहेर बघत नातवाला दाजीपूरच्या गव्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. वर पोहोचल्यावर चहाला थांबलो, तेव्हा ती उतरली आणि म्हणाली, “आज पोटात काही ढवळलं नाही रे. रस्ता नवा केलाय का?”

रस्ता तोच आहे असे मी सांगितले. पुडी तिने नातवाला देऊन टाकली.

पुढचे काम : ५,००० किलोमीटरनंतर मागच्या दांड्यांचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासणे, आणि पावसाळ्याआधी पुढच्या बॉल जॉइंटची रबरी टोपणे पाहणे.